पाणी नको, घाई नको!

रविवारी संध्याकाळी भाजी घेताना आपण सगळेच फार मोठ्या मनाचे असतो. ‘या आठवड्यात बाहेरचं खायचं नाही, म्हणजे नाही’ असं एकदा ठरलेलं असतं. मग पालकाची जुडी, पाव किलो सिमला मिरची, मशरूमचं पाकीट, थोडी फरसबी आणि ‘चला, एकदा ट्राय करू’ म्हणून घेतलेली एक झुकिनी, अशी सगळी वरात फ्रीजमध्ये दाखल होते. सोमवारी मीटिंग लांबते. मंगळवारी ट्रॅफिक. बुधवारी कुणाची तरी फेअरवेल पार्टी. गुरुवारी कंटाळा, त्याला काही कारण लागत नाही. आणि शुक्रवारी रात्री नऊ वाजता फ्रीज उघडला की आतून अर्धी सिमला मिरची, मान टाकलेला पालक आणि सुरकुत्या पडलेले चार मशरूम आपल्याकडे बघत असतात. एकाही भाजीची धड भाजी होणार नाही, एवढीच प्रत्येकाची शिल्लक. मग काय, मोबाइल काढायचा आणि ऑर्डर करायची. भाज्या शनिवारी सकाळी कचऱ्याच्या डब्यात.

मंडळी, आजचा कॉलम त्या शुक्रवारसाठी आहे. पदार्थाचं नाव फ्रिटाटा. कॅफेच्या मेन्यूवर हे नाव वाचून तुम्ही कदाचित पुढे सरकला असाल, कारण समोरचा आकडा तीनशेच्या पुढचा असतो. घरी केलात तर एक पॅन, पाच अंडी, फ्रीजमधली उरलीसुरली प्रजा आणि अर्धा-पाऊण तास, एवढ्यात काम होतं. त्या अर्ध्या-पाऊण तासातली दहा-बारा मिनिटं तर तो झाकणाखाली एकटाच शिजत असतो. तेवढ्यात तुम्ही अंघोळ उरकू शकता. (पटकन उरकणाऱ्यांनीच हा सल्ला घ्यावा.)

पॅनमधलं इटली

आधी थोडी ओळखपाळख. इटालियन उच्चार ‘फ्रित्ताता’. ‘फ्रिज्जेरे’ म्हणजे तळणं, त्यावरून फ्रित्ताता, म्हणजे ‘तळलेली’. प्रत्यक्षात ती आपल्या भज्यांसारखी तळत नाहीत, थोड्या तेलावर किंवा बटरवर मंद शिजवतात. इटलीत हा रेस्टॉरंटपेक्षा घरातला पदार्थ. कांदा, झुकिनी, पालक, शतावरीचे कोंब, जे हाताशी असेल ते त्यात जातं. नेपल्समध्ये तर आदल्या दिवशीचा उरलेला पास्ता अंड्यात घालून त्याची फ्रिटाटा करतात आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी सहलीला निघताना डब्यात भरून नेतात. आपल्याकडे उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि भाताचा फोडणीचा भात होतो ना, तोच न्याय.

इटालियन माणसाच्या बोलण्यातही ही बया घुसली आहे. एखादं काम पार बिघडलं की ते म्हणतात, ‘झाली फ्रिटाटा!’ आणि वाद घालताना कुणी सगळा दोष शिताफीनं समोरच्यावर ढकलला, तर त्यानं ‘फ्रिटाटा उलटवली’. तुमच्या ऑफिसात अशी उलटवणारी मंडळी किती आहेत, हे मोजायचं काम तुमच्यावर सोडतो.

मग आम्लेटमध्ये आणि हिच्यात फरक काय? हा प्रश्न मला सगळ्यात आधी आमच्या मातोश्रींनी फोनवर विचारला.

‘‘काय करतोयस रे?’’

‘‘फ्रिटाटा करतोय, आई.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘अगं, अंडी फेटायची, त्यात भाज्या घालायच्या, झाकण ठेवून शिजवायचं.’’

‘‘अरे, मग सरळ जाड आम्लेट म्हण की! एवढं जिभेला वळसे कशाला?’’

आईचं म्हणणं पन्नास टक्के बरोबर आहे. उरलेल्या पन्नास टक्क्यांचं उत्तर मार्सेला हझान या बाईंनी देऊन ठेवलंय. इटलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्वयंपाक शिकवणाऱ्या या बाईंचं ‘द क्लासिक इटालियन कुक बुक’ १९७३ मध्ये आलं आणि अमेरिकेला खरं इटालियन घरगुती जेवण कळलं. त्यांच्या हिशेबानं फ्रेंच आम्लेट मोठ्या आचेवर झटपट होतं, आत ओलसर राहतं आणि दुमडून वाढलं जातं. फ्रिटाटा अगदी मंद आचेवर होते, आतपर्यंत सेट होते आणि दुमडायची भानगडच नाही, गोल आणि सपाट. म्हणजे आम्लेट हे सकाळी ऑफिसला पळताना आणि फ्रिटाटा ही संध्याकाळी बूट काढल्यावर.

या घराण्याचा पसारा मोठा आहे. स्पेनची बटाट्याची तोर्तिया ही तिची मावसबहीण. इराणमध्ये ‘कुकू’ असते. त्यातली हिरव्या पाल्यांनी गच्च भरलेली ‘कुकू सब्जी’ नवरोजच्या जेवणात हमखास लागते. आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुंबईतल्या पारशी घरांमध्ये ‘पर ईडु’ पिढ्यान्पिढ्या होतंय. ईडु म्हणजे अंडं. खाली भेंडी, बटाटा, टोमॅटो किंवा आणखी कुठली भाजी परतून पसरायची, तिच्यावर अंडी फोडायची आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यायची. भाजीवर अंडं हा प्रकार आपल्याला परका अजिबात नाही. फ्रिटाटात अंडं फेटून भाजीच्या अंगाखांद्यावर घालायचं, इतकंच.

आता मुद्द्याचं. हा पदार्थ भलताच दिलदार आहे. भाजी कुठलीही चालते, चीज कुठलंही चालतं, आकार थोडा वेडावाकडा झाला तरी चव बिघडत नाही. फक्त दोन गोष्टी तो सहन करत नाही. एक, पाणी. दोन, घाई. एवढं सांभाळलं तर बाकी सगळं माफ.

पहिला नियम: पाणी बाहेर

आमच्या एका मैत्रिणीनं मोठ्या हौसेनं पहिली फ्रिटाटा केली. झुकिनी किसली, टोमॅटो चिरला, दोन्ही कच्चंच अंड्यात ढवळलं आणि पॅनमध्ये ओतलं. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर खाली पाणी आणि वर तरंगणारी अंड्याची चादर. तिनं ते ‘एग ड्रॉप सूप’ म्हणून खपवलं, हा तिचा मोठेपणा.

दोष तिचा नव्हता, भाजीचा होता. झुकिनी आणि टोमॅटो यांच्यात ९४-९५ टक्के पाणीच असतं. मशरूम आणि सिमला मिरचीत ९२ टक्क्यांच्या आसपास, पालकात ९१. कांदा जरा कोरडा म्हणावा तर तोही ८९. आपण जिला भाजी म्हणतो ती म्हणजे थोडक्यात उभं राहिलेलं पाणी. अंडं शिजायला लागलं की गरम झालेली भाजी हे पाणी सोडणार, आणि अंड्याच्या जाळीत ते मावणार नाही. म्हणून भाजी आधी पॅनमध्ये शिजवायची, तिचं पाणी तिथंच आटवायचं आणि मग अंड्याशी तिची गाठ घालून द्यायची.

प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा, तेव्हा एकेकीचं बघू.

कांदा सगळ्यात आधी. उभा पातळ चिरून, चमचाभर तेलात, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. गुलाबी होऊन कडेनं तपकिरी व्हायला लागला की त्याला गोडवा येतो. या एका पायरीवर अख्ख्या पदार्थाची अर्धी चव अवलंबून आहे. इथं मोबाइल बाजूला.

सिमला मिरची आणि फरसबी बारीक चिरून कांद्यातच. फरसबीला वेळ जास्त, म्हणून ती आधी आणि तिच्यावर दोन मिनिटं झाकण. नंतर झाकण काढून कोरडी करायची.

मशरूमला मोठी आच आणि मोकळी जागा हवी. पॅनमध्ये गर्दी केली तर ते परतले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग ते ‘चर्र’ आवाज करायला लागतील. तो आवाज आला की मीठ टाका आणि उतरवा.

पालक धुऊन, चिरून गरम पॅनमध्ये मिनिटभर. तो एवढासा होऊन बसला की चाळणीत काढा, जरा गार होऊ द्या आणि हातानं घट्ट पिळा. एका जुडीतून निघणारं हिरवं पाणी बघून तुम्ही हबकाल. ते सूपमध्ये किंवा कणीक मळताना वापरा.

झुकिनी किंवा तिचा आपला देशी भाऊ दुधी. दोघंही एकाच भोपळ्याच्या घराण्यातले, त्यामुळे महागड्या झुकिनीसाठी अडून बसायची गरज नाही. किसा, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळा, मग परता. हे मीठ लक्षात ठेवून अंड्यात मीठ कमी घाला.

टोमॅटो घालायचाच असेल तर बिया आणि आतला रस काढून टाका, नुसता गर बारीक चिरा. बटाटा उकडलेला, फोडी करून. ब्रोकोली, फ्लॉवर आधी जरा वाफवून, मग परतून. आणि कालची उरलेली कोरडी भाजी? बिनधास्त. बटाट्याची पिवळी भाजी घातलेली फ्रिटाटा मी केली आहे. इटलीत कुणाला सांगू नका.

सगळ्या भाज्या मिळून शिजल्यावर साधारण दीड वाटी व्हायला हव्यात. आणि हो, त्या थोड्या निवू द्या. गरमागरम भाजीवर अंडं ओतलं तर ते तिथल्या तिथं गुठळ्या धरतं.

अंड्याचं गणित

२२ सेंटिमीटरच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या मध्यम नॉनस्टिक पॅनला पाच अंडी. दोघांचं जेवण, किंवा एकट्याचं जेवण अधिक उद्याचा डबा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे अर्ध्या फ्रिटाटात १५ ग्रॅम तुमच्या पोटात. जिमवाल्या मित्रांना हे ऐकवा, ते लगेच शेजारी येऊन बसतील.

अंडी फेटताना ताकद दाखवू नका. इटालियन घरगुती स्वयंपाकाचे पितामह पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात हेच सांगून ठेवलंय: काट्यानं फेटा, पांढरा आणि पिवळा एकजीव झाला की थांबा. फार फेटलं की हवा भरते, फ्रिटाटा झाकणाखाली केकसारखी टम्म फुगते आणि ताटात येईपर्यंत रुसून खाली बसते. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, सल्ला अजून तंतोतंत लागू आहे.

फेटलेल्या अंड्यात दोन मोठे चमचे दूध किंवा साय, पाव ते अर्धा चमचा मीठ, भरपूर मिरपूड. दुधानं अंडं जरा मऊ राहतं, पण हात आवरा. पाव कप ओतलंत तर आपण पहिल्या नियमाच्या विरोधात गेलो. चीज साधारण ३० ग्रॅम, किसून. पार्मेझान असेल तर राजेशाही. नसेल तर फ्रीजमधला प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब, फक्त त्यात मीठ असतं हे विसरू नका. पनीर कुस्करून घातलं तरी छान लागतं. कोथिंबीर, कांद्याची पात, पुदिना, जे असेल ते वरून. बेसिल मिळालं नाही म्हणून बेत रद्द करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

दुसरा नियम: आच मंद

आता परतलेल्या भाज्या फेटलेल्या अंड्यात मिसळा. पॅन पुसून घ्या, दीड चमचा तेल आणि एक छोटा तुकडा बटर घाला. बटरचा फेस बसला की मिश्रण ओता. पहिली अर्धी मिनिटं गॅस मध्यम. उलथन्यानं कडा जरा आत ओढा, म्हणजे वरचं पातळ अंडं खाली जाईल. तीन-चार वेळा असं केलंत की बास. आता गॅस अगदी बारीक. झाकण. आणि दहा ते बारा मिनिटं ढवळाढवळ नाही.

इथं आपला हात शिवशिवतो. भूक लागलेली असते, गॅस मोठा करावासा वाटतो. का करायचा नाही, ते सांगतो. अंड्यातले प्रोटीन म्हणजे गुंडाळलेले धागे. उष्णता लागली की ते उलगडतात, एकमेकांना धरतात आणि पाण्याला जाळीत पकडून ठेवतात. फेटलेलं अंडं ७०-७५ अंश सेल्सिअसच्या आसपास छान सेट होतं. पाणी उकळतं १०० अंशांना, म्हणजे अंड्याला उकळीइतकीही उष्णता नको असते. गॅस मोठा ठेवला की तळ केव्हाच ही पायरी ओलांडतो, धागे आवळत जातात आणि पकडलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. खाली रबर, वर कच्चं आणि ताटात पाण्याचं तळं. भाजीचं पाणी एवढ्या कष्टानं काढायचं आणि मग अंड्याचंच सोडायचं, याला काय अर्थ?

पॅनला मोठा बर्नर असेल तर छोट्यावर ठेवा. तरीही आच जास्त वाटली तर पॅनखाली जुना लोखंडी तवा सरकवा. बिर्याणीला दम देताना ठेवतो तसा. बिडाचा जाड पॅन असेल तर उत्तमच. तो उष्णता धरून ठेवतो, तेव्हा दोन मिनिटं आधीच गॅस बंद करा.

झाली का, ते कसं ओळखायचं? पॅन हलकेच हलवा. कडा सेट झालेल्या हव्यात आणि मधला रुपयाएवढा भाग फक्त थरथरायला हवा. सगळी लाट इकडून तिकडे गेली तर अजून तीन मिनिटं.

उलटायचा क्षण

हा सीन सगळ्यांना घाबरवतो. हवेत उडवून झेलायची हौस टीव्हीवरच्या शेफवर सोडा. आपल्याकडे तीन सभ्य मार्ग आहेत.

पहिला, ताटलीचा. पॅनपेक्षा मोठी, सपाट ताटली पॅनवर उपडी ठेवायची. हातात जाड फडकं, एक हात ताटलीवर, दुसरा दांड्यावर, आणि एका दमात उलटं. सिंकवर उभं राहून केलंत तर सांडलं तरी ओटा वाचतो. मग ताटलीवरची फ्रिटाटा हळूच पॅनमध्ये परत सरकवायची, दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. इटलीतल्या आज्याही असंच करतात. एका दमात, हे महत्त्वाचं. अर्ध्या वाटेत विचार बदलला तर भिंत रंगते.

दुसरा, ओव्हनवाल्यांचा. ओटीजी असेल तर वरचं कॉइल लावून मिनिट-दोन मिनिटं. वर सोनेरी डाग पडले की झालं. हझानबाईही वरची बाजू अशीच वरच्या आचेखाली सेट करून घेतात. पण पॅनचा दांडा प्लॅस्टिकचा असेल आणि नॉनस्टिक असेल तर हा मार्ग तुमचा नाही. बिडाच्या किंवा पूर्ण स्टीलच्या पॅनलाच ही चैन.

तिसरा, आळशांचा, म्हणजे माझा लाडका. उलटायचंच नाही. गॅस बंद करून झाकण तसंच पाच-सात मिनिटं ठेवायचं. आतल्या वाफेवर वरचा भाग सेट होतो. सोनेरी रंग येत नाही, पण पोटात गेल्यावर रंग कोण विचारतो? मात्र वर कच्चं, ओघळतं अंडं दिसत असेल तर खायची घाई नको. आणखी थोडी वाफ द्या.

कुठल्याही मार्गानं जा, काढल्यावर पाच मिनिटं तिला शांत बसू द्या, मगच त्रिकोणी तुकडे करा. कोमट फ्रिटाटाला चव जास्त असते. इटलीत ती सर्रास गार झालेलीच वाढतात. म्हणजे ‘मी दोन मिनिटांत पोचतो’ असं सांगून पाऊण तासानं येणाऱ्या मित्रासाठी यापेक्षा चांगला पदार्थ नाही.

घरात अंडं चालत नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या जुन्या फ्लॅटच्या मालकीणबाईंच्या नियमावलीत ‘अंडे आणणे’ हा स्वतंत्र मुद्दा होता, भाड्याच्या तारखेच्याही आधी. आणि सध्याचा रूममेट शुद्ध शाकाहारी. एकाच ओट्यावर दोघांनी राहायचं तर तडजोड लागतेच.

पण इथंही इटली आपल्या मदतीला येतं. जेनोआ आणि लिगुरियाच्या किनारपट्टीवर ‘फारिनाता’ नावाचा प्रकार आहे. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. ओळखीचं वाटतंय ना? आपलं धिरडंच ते, फक्त सूट घातलेलं. इटलीतले अंडं न खाणारे आता याच बेसनाची भाज्या घातलेली फ्रिटाटाही करतात. आणि आपल्या घराघरांत ज्याला ‘टोमॅटो आम्लेट’ म्हणतात, त्यात तरी अंडं कुठं असतं!

एक वाटी बेसनाला साधारण सव्वा वाटी पाणी, दोन चमचे तेल, मीठ, चिमूटभर हळद. गुठळ्या मोडून अर्धा तास ठेवा, म्हणजे बेसनाचा कच्चा वास कमी होतो. पिळलेल्या-परतलेल्या भाज्या वरच्याच पद्धतीनं. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, मग उलटून पाच. बेसन अंड्यापेक्षा जरा जास्त वेळ मागतं आणि उलटायला घाबरवत नाही. आमच्याकडे शुक्रवारी दोन बर्नरवर दोन पॅन असतात. चिरणं त्याच्याकडे, पिळणं माझ्याकडे.

उद्याचा डबा

उरलेली फ्रिटाटा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, झाकणाच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी उत्तम, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत. इटलीत दोन पावांच्या मध्ये गार फ्रिटाटा घालून मस्त सँडविच करतात. आपण लादीपावात घालू, सोबत हिरवी चटणी. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची असेल तर कमी पॉवरवर तीस-चाळीस सेकंद. फुल पॉवरला रबर होतं आणि सगळ्या मजल्यावर अंड्याचा वास सुटतो. मग एचआरचं मेल आलं तर मला सांगू नका.

खर्चाचा हिशेब तुम्हीच करा. सात-आठ रुपयांचं अंडं, एक क्यूब चीज, आणि भाज्या तर नाही तरी कचऱ्यातच जाणार होत्या.

एकट्यासाठी कशाला?

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नोकरीसाठी शहरात आलेल्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडी मी हे एक वाक्य ऐकतो: ‘‘एकट्यासाठी कशाला करत बसायचं?’’ ऐकायला फार समंजस वाटतं. पण नीट बघा. पाहुणे आले तर आपण करतो. मित्र येणार असेल तर करतो. घरी गेलो की आईला मदत म्हणून कांदा चिरतो. फक्त स्वतःची पाळी आली की ‘कशाला’ आठवतं. म्हणजे आपल्या घरी जेवणाऱ्या माणसांच्या यादीत सगळ्यात खालचा नंबर आपला.

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. नागपूरहून आली, वन-आरके घेतला. दोन वर्षं तिच्याकडे ताट एकच होतं आणि तेही धुतलेलं, कारण जेवण डिलिव्हरीच्या डब्यातूनच व्हायचं, ओट्यापाशी उभ्यानं, लॅपटॉप उघडा ठेवून. तिला मी ही रेसिपी सांगितली. दुसऱ्या दिवशी विचारते, ‘‘अरे, पण उलटायला मोठी ताटली लागते ना? माझं ताट पॅनमध्ये जातं.’’ मग तिनं एक मोठी ताटली विकत घेतली. फक्त फ्रिटाटा उलटायला. त्यानंतरच्या महिन्यात शेजारच्या काकूंना जेवायला बोलावलं, कारण आता घरात दोन ताटं होती. काकूंनी फ्रिटाटा खाल्ली, ‘‘मीठ बेताचं आहे, छान आहे’’ म्हणाल्या आणि जाताना लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवून गेल्या. आता दर महिन्याला एकदा हे जेवण होतं. एका महिन्यात काकू तिच्याकडे, एका महिन्यात ती काकूंकडे.

पदार्थानं आयुष्य बदलतं वगैरे मी म्हणणार नाही, तसलं दुसऱ्या पानावर छापून येतं. पण भाजीचं पाणी आटेपर्यंत थांबणं, आच मंद ठेवून दहा मिनिटं वाट बघणं, आणि मग बसून, ताटात घेऊन जेवणं हे सगळं आपण स्वतःसाठीही करू शकतो. त्यासाठी पाहुण्यांची वाट बघायला नको.

तेव्हा या शुक्रवारी ऑफिसातून निघताना अर्धा डझन अंडी घेऊन या. पाच पॅनमध्ये जातील, एक शनिवारी सकाळी हाफ फ्रायला. आणि उलटताना भिंत रंगलीच, तर इटालियन स्टाइलमध्ये दोन्ही हात वर करून म्हणा, ‘झाली फ्रिटाटा!’ आणि मग ताटात जे उरेल ते खा. चवीला तेच असतं.

हॅपी कुकिंग!